चाळीस मुलांचं पत्र

अमरावतीच्या आमच्या देवळात दर रविवारी दीडशे माणसं माझ्या बापासाठी प्रार्थना करत होती आणि त्यातल्या एकानेही मला कळवलं नाही. चार महिने. मी झांबियात होते, चंद्रावर नव्हते. हातात फोन होता, दर रविवारी घरच्यांशी बोलणं व्हायचं, बाबांचा चेहरा मला दिसायचा. तरी मला कळलं तेव्हा त्यांच्याजवळ दोन-तीन आठवडेच उरले होते. हे आठवलं की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी हे शांतपणे सांगणार नाही.

आम्ही जुने ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. हे देऊळ गोऱ्या मिशनऱ्यांनी बांधलं, आणि आमच्या मंडळीची फार वर्षांची हौस होती की आता आपण आपला मिशनरी परदेशी पाठवायचा. जायला कोणी तयार नव्हतं. ज्यांना नोकऱ्या होत्या ते नोकऱ्या सोडेनात, ज्यांची लग्नं ठरली होती ते लग्नं सोडेनात. मी चोवीस वर्षांची, बी.एड. करून शाळांचे उंबरठे झिजवत होते. माझ्याकडे बोट गेलं. खोटं कशाला बोलू, मलाही जायचं होतं. देवाची सेवा हे एक कारण होतं, आणि मुलाखतीत पुन्हा एकदा 'कळवतो' ऐकायचा कंटाळा आला होता हे दुसरं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अमरावती-अकोला, अकोला-अमरावती, सारा जन्म याच रस्त्यावर. मी जाते म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "दोन वर्षाची ड्युटी हाये. घेतली तं पुरी करजो. मधात उतराचं नाई." हे ते उगाच बोलत नसत. त्यांची आई गेल्याचा निरोप त्यांना अर्ध्या वाटेवरच्या मूर्तिजापूरच्या स्टँडवर मिळाला होता. गाडी भरलेली होती. त्यांनी चहा टाकून दिला, गाडी अकोल्याला नेली, माणसं उतरवली आणि मग आईच्या मातीला परत फिरले. नातेवाइकांनी फार तोंडसुख घेतलं. बाबा म्हणत, "पन्नास लोकं मूर्तिजापूरले उतरवू काय?" मला लहानपणी याचा अभिमान वाटायचा.

झांबियातलं माझं गाव राजधानीपासून बसने आठ तासांवर होतं. लाल माती, मक्याची शेतं, आणि तिथलं चर्च आमच्या देवळाच्या दुप्पट मोठं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना शुभवर्तमान सांगायला मला धाडलं ते पणजोबांपासून ख्रिस्ती. त्यांच्या बाया चुलीपुढे बसून ज्या प्रार्थना करत, त्या ऐकून माझंच तोंड बंद व्हायचं. गावात शाळा होती. शाळेत बाई होती. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची आणि तिला मुलांची भाषा यायची.

मग मी काय करायचे? पहाटे पाचला उठायचे, अंगण झाडायचे, हापशावर रांग लावून दोन बादल्या आणायचे. मग तिथल्या भाषेचे शब्द पाठ करायचे आणि दारोदार भेटीला जायचे. बाजारात लोक मला गुजराती दुकानदाराची सून समजून साखरेचा भाव विचारत. घरी गेलं की मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पाल्याची भाजी पुढे यायची. मी त्यांचं खायचे, त्यांना द्यायला माझ्याजवळ काही नसायचं. लाइट दिवसातून चार-पाच तास. ठेच्यासाठी जीव इतका कासावीस व्हायचा की एकदा नुसत्या मिरचीला मीठ लावून खाल्ली आणि रडले. माझ्यासोबत खोलीत मिझोरामची एक बाई होती, वयाने मोठी, शिस्तीची कडक. नेटपॅक फक्त रविवारी मारायचा हा आम्हाला तिथे ठेवणाऱ्या मिशनच्या संस्थेचा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायचं काम तिचं.

तिसऱ्या आठवड्यात मला हिवताप झाला. खाटेवर पडल्या पडल्या मी मंडळीला पहिलं पत्र फोनवरच लिहिलं. आमच्याकडे रीत अशी की परगावी सेवेला गेलेल्याचं पत्र दर महिन्याला देवळात वाचायचं. सूचना संपल्या की पाळकसाहेब उभे राहतात, पत्र वाचतात, आणि शेवटी सगळे मिळून आमेन म्हणतात. मी जे होतं ते लिहिलं. लपवलं नाही, वाढवलं नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "बेटी, हे पत्र मी वाचू शकत नाही. मंडळीची म्हातारी माणसं तुझ्यासाठी उपास करतात. त्यांना काय वाटेल? काही आशीर्वादाचं लिही. देवाने तिथे काय केलं, अशी एखादी साक्ष लिही."

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, की वाचा, हीच साक्ष आहे. पण मी लहानपणापासून पाळकसाहेबांना "हो साहेब" म्हणणारी मुलगी. मी हो साहेब म्हटलं आणि दुसरं पत्र लिहिलं. त्या आठवड्यात राजधानीहून आलेल्या पाहुण्यांनी गावात बिस्किटं वाटली होती, म्हणून आमच्या अंगणात चाळीसेक मुलं जमली होती. एक दिवस. मी लिहिलं, रोज चाळीस मुलं झाडाखाली जमतात. लिहिलं, त्यांना अक्षर शिकवणारं माझ्याशिवाय इथे कोणी नाही. लिहिलं, एक दिवस मी नसले तर ती दारात बसून राहतात. लिहिताना लाज वाटली, पण हात थांबला नाही.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. अमरावतीत दुपारचे चार, माझ्याकडे साडेबारा. ते कधी भावुक होत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "आज तुहं पत्र वाचलं. सारे उभे राह्यले. मीबी उभा राह्यलो," म्हणाले. मग "चाळीस लेकरं म्हनजे एक गाडी झाली," म्हणाले. यानंतर मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते की बाबा, गाडी रिकामी आहे?

मग खोट्याला खोटं जोडत गेले. पाचवं पत्र, सहावं पत्र. चाळीस मुलांपैकी एकीला मी वाचायला शिकवलं, एकाला तापातून उठवलं. पाळकसाहेब खूश. दर पत्राची ते फोनवर वाहवा करत आणि मी हो साहेब म्हणायचे. दर रविवारी फोन लावताना ठरवायचे, आज सांगते, मला घरी यायचंय. स्पीकर चालू असायचा, आईच्या मागे शेजारीण उभी असायची, बाबा विचारायचे, "लेकरं कशी हायेत?" आणि मी म्हणायचे, "मजेत."

जानेवारीपासून घरचे फोन अकोल्याहून यायला लागले. आई म्हणाली, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आम्ही तिच्याकडे राहायला आलो. मागे मावशीच्या जठारपेठेतल्या घराची हिरवी भिंत दिसायची. मी विश्वास ठेवला. एका रविवारी त्याच भिंतीपुढून मावशी पाण्याची घागर कमरेवर घेऊन तुरुतुरु गेली. मी हसले. म्हटलं, "मावशीचा गुडघा झकास दिसते." आईही हसली. बाबा खुर्चीत बसलेले असायचे, दोन मिनिटं बोलायचे आणि पाणी प्यायला उठतो म्हणायचे, पण उठायच्या आधीच आई फोन स्वतःकडे फिरवायची. मे महिन्यात, अकोल्याच्या मे महिन्यात, माझा बाप फुल बाह्यांचा स्वेटर घालून फोनवर आला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "कूलर लय थंड फेकते." मी तेही गिळलं. माझ्यासारखी भैताड पोट्टी साऱ्या वऱ्हाडात सापडायची नाही.

मला कळलं ते एका भोळ्या बाईमुळे. आमच्या देवळातल्या स्त्रियांच्या मंडळातली एक काकू, तिला फोनवर बोलून संदेश पाठवायला नुकतंच कोणीतरी शिकवलं होतं. रविवारी नेटपॅक मारला आणि तिचा आवाज आला. "बेटा, तू काळजी करू नोको. तुह्या बाबाच्या कॅन्सरसाठी आमी दर इतवारी देवळात प्रार्थना करतो. तुहं पत्र वाचून झालं का त्याईचंच नाव घेतात पाळकसाहेब."

मी हापशाजवळ उभी होते. तो संदेश मी तीनदा ऐकला. अकोला मावशीच्या गुडघ्यासाठी नव्हतं, बाबांच्या दवाखान्यासाठी होतं. माझं पत्र आणि लगेच माझ्या बापाचं नाव. एकाच तोंडाने. म्हणजे पाळकसाहेब माझी चाळीस मुलं वाचून दाखवायचे, पुढच्या श्वासात बाबांसाठी प्रार्थना करायचे, आणि त्याच दुपारी मला फोन करून "फार आशीर्वादाचं पत्र होतं बेटी" म्हणायचे. आणि दीडशे माणसं आमेन म्हणून घरी जेवायला जायची.

मी घरी फोन लावला. आईने उचलला. मी म्हटलं, "बाबा कुठी हायेत?"

"बाहेर गेले."

"कॅमेरा फिरव."

"काहून?"

"आई, कॅमेरा फिरव."

तिने फिरवला. खाटेवर बाबा होते. खुर्चीत बसवून, स्वेटर घालून, दाढी करून जो माणूस मला दाखवला जायचा तो हा नव्हता. याचे गाल आत गेले होते. त्यांनी डोळे उघडून फोनकडे पाहिलं आणि आईवर खेकसले, "तुले म्हनलं होतं ना." मी फोन बंद केला. मिझोरामची बाई जवळ आली, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आपण प्रार्थना करू. मी तिचा हात झटकून टाकला. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

संस्थेचा तिथला प्रमुख म्हणाला, दोन वर्षं पूर्ण व्हायला अजून वर्ष आहे, वडिलांची काळजी प्रभू घेईल. मी म्हटलं, प्रभू घेईल, पण त्याला अकोल्याचा पत्ता मीच दाखवते. तो चिडला, मी त्याहून चिडले. चौथ्या दिवशी सकाळी मी अकोला स्टेशनवर उतरले. ऊन आतापासूनच डोक्यावर बसलं होतं. ऑटोत बसून जठारपेठेत जाईपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना काय काय बोलायचं ते ठरवलं. बाबांनाही सोडणार नव्हते. त्यांना विचारणार होते, की तुम्ही मरत होता आणि मला कूलर सांगत होता?

खोलीत गेले. बाबांनी मला पाहिलं. पहिलं वाक्य त्यांचं, "काहून आली?"

"तुमाले पाहाले."

"त्या चाळीस लेकरायचं काय?"

माझा सगळा राग, स्टेशनपासून रचत आणलेला, तिथेच गळून पडला. मला वाटलं होतं त्यांनी माझ्यापासून मरण लपवलं. त्यांनी तर चाळीस मुलांची सवारी मधात उतरवायची नाही म्हणून स्वतःचं दुखणं बाजूला ठेवलं होतं. ती मुलं मी बनवली होती. आता सांगू? आता, या माणसाला, ज्याचं अंग उचलायला दोन माणसं लागत होती?

मी म्हटलं, "तिथी दुसरी बाई आली हाये शिकवाले."

"चांगली हाये का?"

"हाव. माह्यापेक्षा चांगली हाये." एवढं तरी खरं होतं.

ते म्हणाले, "मंग ठीक हाये. दुसरा ड्रायव्हर आला का उतराले हरकत नाई." आणि माझं मनगट धरलं. ते त्यांनी तासभर सोडलं नाही.

अकरा दिवस मिळाले. मी त्यांना पाणी पाजलं, पाय चेपले, अंग पुसलं. रोज ते मला झांबियाच्या रस्त्यांबद्दल विचारत, तिथल्या बसला दरवाजा कोणत्या बाजूला असतो, ड्रायव्हरच्या ड्युट्या कशा लागतात. मुलांबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांना अमरावतीला नेलं, मूर्तिजापूरवरूनच. गाडी स्टँडजवळून गेली तेव्हा आई खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याशी बोलत नव्हते.

मातीनंतर चार-पाच दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. मग एका सकाळी ओट्यापाशी फुटले. आई कांदा चिरत होती. मी म्हटलं, "तू माह्याशी चार महिने खोटं बोलली. मावशीचा गुडघा. कूलर. तू माही माय हायेस का कोण हायेस?" बरंच बोलले. मावशीलाही ऐकू गेलं असेल अकोल्यात. आईने सगळा कांदा चिरून संपवला, विळी उभी केली, मग म्हणाली, "मले सांगाचं होतं. पयल्या दिवसापासून. त्याईनं शपथ घातली."

"अन् तू ऐकलं."

"फोन ठेवला का दर इतवारी ते मले इचारे, येतो म्हनली का वं ती? मी म्हनो, नाई. ते म्हने, मंग कामात असन. बोलावू नोको तिले. तिच्या मनानं येईन तं येऊ दे." आईने पदराने डोळे पुसले. "तू एकदाबी म्हनली नाईस का यावंसं वाटते म्हनून. एकदाबी नाई. म्हनली असती तं मी शपथ मोडली असती."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. दर रविवारी चार वाजता तिकडे एक माणूस वाट बघत होता की ही येते म्हणेल, आणि साडेबारा वाजता इकडे एक मुलगी वाट बघत होती की कोणीतरी ये म्हणेल. मधे चाळीस मुलं बसली होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि त्यानंतर लगेच पाळकसाहेबांच्या.

त्यांचाच फोन आला संध्याकाळी. रविवारी बाबांच्या स्मरणाची उपासना ठेवली होती. म्हणाले, "बेटी, तुझं ते चाळीस मुलांचं पत्र पुन्हा वाचावं म्हणतो. तुझ्या वडिलांना फार प्रिय होतं."

मी त्यांच्या घरी गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मी बसले नाही. म्हटलं, "पत्र मी वाचते. पण माझ्या निवडीचं." फोनमधलं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून ओळख पटेपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"याने मंडळी खचेल," म्हणाले. "किती वर्षांनी आपण कोणाला पाठवलं होतं. मी ते पत्र वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, पाहा, आपल्याकडून हेही झालं नाही."

"हो साहेब," मी म्हटलं, "मग खचू द्या." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या 'हो साहेब'चा अर्थ नाही असा होता, आणि तो त्यांना कळला.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. ती काकू पुढेच बसली होती, मला पाहून रडली. आई तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी, आणि तिने बाजूची बाबांची जागा मोकळी ठेवली होती. सूचना संपल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मी उभी राहिले आणि पत्र वाचलं. इथे मला करण्यासारखं काम नाही. इथल्या लोकांना माझी गरज नाही, मलाच त्यांची आहे. मला ताप आहे. भाषा येत नाही. शाळेत बाई आहे आणि ती चांगली आहे. तुम्ही मला मोठ्या आशेने पाठवलंत, तुम्हाला वाईट वाटेल, पण मी खोटं लिहिणार नाही. शेवटचा परिच्छेद मंडळीला नव्हता. तोही मी वाचला.

"बाबा, तुम्ही तिसऱ्या बाकावर बसून हे ऐकत असाल. ड्युटी मधात सोडू नये हे मला माहीत आहे. पण तुम्ही एकदा ये म्हणा. मी निघते."

दर पत्रानंतर आमच्याकडे सगळे आमेन म्हणतात. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक उघडून हातात धरलं होतं, ते तसंच राहिलं. आई बसल्या जागेवरून, घरात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हे कोनतं पत्र होय? हे आमी ऐकलं नाई."

"पयलं," मी म्हटलं.